एकानं क्वेकर संघ सोडला, दुसरी राहिली, तरी पत्रं थांबली नाहीत. हे कसं जमलं असेल?

शाईचा_डाग:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे. तुकड्यातुकड्यानं विचारला तर जे टोचतंय तेच निसटेल, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

बॉस्टन पब्लिक लायब्ररीकडे गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांच्या पत्रांचा मोठा संग्रह आहे. त्यातली पत्रं स्कॅन करून नेटवर खुली ठेवलेली आहेत. घरातली निजानीज झाली की मी ती उघडून बसते. वाचता वाचता एका जोडीपाशी येऊन अडकले. फिलाडेल्फियाची ल्युक्रेशिया मॉट आणि डब्लिनचा रिचर्ड डेव्हिस वेब. ती १७९३ची, नॅन्टकेट बेटावर एका जहाजाच्या कप्तानाच्या घरात जन्मलेली, पुढे क्वेकरांच्या (धर्मगुरूंशिवाय शांत बसून प्रार्थना करणारा एक ख्रिस्ती पंथ) सभेत उभं राहून बोलणारी मान्यताप्राप्त उपदेशक. तो १८०५चा, डब्लिनमध्ये स्वतःचा छापखाना चालवणारा. दोघंही जन्मानं क्वेकर.

गाठ पडली १८४० साली, लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेत. ती परिषद बऱ्याच जणांना ठाऊक असेल. अमेरिकेतल्या संस्थांनी रीतसर निवडून पाठवलेल्या बायकांना प्रतिनिधी म्हणून बसू द्यायचं की नाही, यावर पहिल्याच दिवशी, १२ जूनला, तास न् तास वाद झाला आणि बायकांना मागं, प्रेक्षकांत बसवलं गेलं. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीचा पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन काही दिवस उशिरा पोचला. झालेला प्रकार कळल्यावर तो सभागृहातली आपली जागा न घेता सरळ बायकांच्यात जाऊन बसला. वेब तेव्हा पस्तिशीचा. त्यानं डब्लिनच्या एका साप्ताहिकात लिहिताना ल्युक्रेशियाला ‘परिषदेची सिंहीण’ म्हटलं. जिला बोलूच दिलं नाही, तिला! त्याच उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा जेम्स डब्लिनला वेबच्या घरी जाऊन आले. तिथून पत्रं सुरू झाली ती १८७२ मध्ये वेब वारला तोवर. मध्ये अख्खा अटलांटिक, आणि तिशी उलटलेली मैत्री.

आता माझा प्रश्न. दोघांचंही आपापल्या क्वेकर मंडळींशी बिनसलेलं होतं. कारणंही जवळपास तीच. संघातली प्रतिष्ठित माणसं गुलामगिरी वाईट म्हणायची, पण बाहेरच्या चळवळ्यांत मिसळू नका, गडबड करू नका, सभा शांत राहू द्या असंही म्हणायची. श्रद्धेबद्दल मोकळेपणानं बोललं की लगेच पाखंडी ठरवायची. या सगळ्याला कंटाळून वेबनं १८५१ मध्ये संघ सोडला. ल्युक्रेशियाला त्याच्या कितीतरी पट त्रास झाला. तरी ती १८८० मध्ये मरेपर्यंत क्वेकरच राहिली. आणि दोघांच्या पत्रांतला जिव्हाळा १८५१ नंतरही तसाच.

हे मला समजून घ्यायचंय, कारण माझ्याच घरातली गोष्ट आहे असं म्हणा. मी आणि माझी एक मैत्रीण एका संस्थेत पंचवीसएक वर्षं बरोबर काम करत होतो. तिथं काय चुकतंय यावर आमचं दोघींचं एकमत होतं, अजूनही आहे. ती बाहेर पडली. मी राहिले. भांडण नाही झालं. फोन होतात, एकमेकींच्या पोराबाळांची चौकशी होते. पण संस्थेचं नाव निघालं की दोघीही विषय बदलतो. ती मला भित्री समजत असेल का, असं मला वाटत राहतं. आणि मी तिला पळपुटी समजते असं तिला वाटत असणार. म्हणून ही पत्रं मी इतक्या आशेनं वाचतेय.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. एक, ल्युक्रेशिया का राहिली आणि वेब का गेला, याचा नीट संदर्भ. दुसरं, ही पत्रं वाचायची कशी? तारखा विचित्र आहेत, अक्षर अक्षरावर चढलेलं आहे, आणि बाई एका वाक्यात वार्षिक सभेतला वाद सांगते तर पुढच्याच वाक्यात कोणाचं तरी बाळंतपण.

---

आडवी_उभी_ओळ:

तुमचा दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो.

तारखा: जुने क्वेकर महिन्यांची नावं वापरत नसत, कारण त्यातली काही जुन्या, ख्रिस्तेतर देवांवरून आलेली. वारांचंही तेच. म्हणून ‘२ मो. २५’ म्हणजे २५ फेब्रुवारी आणि ‘पहिला दिवस’ म्हणजे रविवार. मात्र इंग्लंड-अमेरिकेत १७५२च्या आधी वर्ष मार्चपासून मोजत, तेव्हा त्याआधीच्या कागदांत ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. मॉटबाईंच्या काळात ही भानगड संपलेली होती, त्यामुळे तुम्ही निर्धास्त राहा.

अक्षरावर अक्षर: पान भरलं की कागद काटकोनात फिरवून त्याच ओळींवर आडवं लिहायची तेव्हा सर्रास पद्धत होती. ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत टपालाचा दर कागद किती आणि अंतर किती यावर ठरे. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरला जाई. म्हणून पत्राचीच घडी घालून पाठीवर पत्ता. १८४० साली पेनी पोस्ट आलं आणि देशातल्या देशात वजनावर दर ठरायला लागला, पण समुद्रापलीकडचं पत्र महागच राहिलं. अर्ध्या औंसाला एक शिलिंग. त्यामुळे पातळ कागद, बारीक अक्षर आणि समास जराही मोकळा नाही. वाचताना स्क्रीनवर पान मोठं करा आणि आधी फक्त उभ्या ओळी वाचा. आडव्या ओळींकडे डोळा जाऊच द्यायचा नाही. मग पान फिरवून दुसरा थर. हळूहळू डोळ्याला सवय होते. आणखी एक, या पत्रांत पूर्णविराम शोधत बसू नका. मॉटबाईंचा हात थांबतच नाही. विचार जिथं वळला तिथं वाक्य संपलं असं समजायचं.

आणि विषयांच्या उड्या. याला पसारा म्हणू नका. पत्र टाकलं की उत्तर यायला आठवडे जायचे. १८४० मध्येच क्युनार्डच्या आगबोटी सुरू झाल्या, त्यामुळे वेळ बराच कमी झाला, तरी काय झालं. एका पत्रात सगळं कोंबायचं म्हटल्यावर सभेतलं भांडण, मुलांची लग्नं, कोण आजारी, नवं पुस्तक कोणतं वाचलं, कोणाला संघाबाहेर काढलं, हे सगळं एकापाठोपाठ येणारच. बाई घरकामात बुडालेल्या असत. नातीनं पुढे त्यांची पत्रं छापली, त्यात एका दिवसात चाळीस ‘पाय’साठी (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) सारण स्वतःच्या हातानं, मांस चिरण्यापासून, तयार केल्याचं सांगणारंही एक पत्र आहे. तीच बाई त्याच आठवड्यात शेकडो लोकांपुढे उभी राहून कागदाच्या चिटोऱ्याशिवाय तासभर बोलत असे.

आता पहिला प्रश्न. यात एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढचं कळत नाही.

१८२७ मध्ये अमेरिकेतले क्वेकर दुभंगले. एलायस हिक्स नावाच्या म्हाताऱ्या उपदेशकाचं म्हणणं असं की माणसाच्या आतला प्रकाश हाच खरा आधार, बायबलचं अक्षर त्याच्या खालोखाल. त्याला मानणारे ते हिक्साइट. बायबल आणि ख्रिस्ताच्या बलिदानावर भर देणारे ते ऑर्थोडॉक्स. मॉट दांपत्य हिक्साइट झालं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या क्वेकरांनी मात्र ऑर्थोडॉक्सांनाच खरे क्वेकर मानलं. म्हणजे १८४० मध्ये मॉटबाई लंडनला उतरल्या तेव्हा दोन कारणांनी नकोशा होत्या. एक, बाई असून प्रतिनिधी म्हणवून घेत होत्या. दोन, हिक्साइट होत्या. लंडनमधले एक वजनदार क्वेकर, जोसाया फॉर्स्टर, चारचौघांत उठून सांगते झाले की या बाईंशी आमच्या संघाचा काही धार्मिक संबंध नाही. एलिझाबेथ फ्राय, तुरुंगसुधारणेसाठी साऱ्या युरोपात नावाजलेली बाई, तिनंही मॉटबाईंशी बोलणं टाळलं. पुढे अमेरिकेतल्या स्त्रीहक्क चळवळीची पुढारी झालेली एलिझाबेथ कॅडी स्टँटन तिथं होती आणि तिनं ते लिहून ठेवलंय. परिषदेचं भलंमोठं चित्र काढणारा हेडन हा चित्रकार बाईंना चित्रात ठळक जागा देणार होता. त्यांची धर्ममतं ऐकल्यावर त्यानं बेत बदलला. ते चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात बाई शोधाव्या लागतात.

अशा वेळी आयर्लंडच्या ऑर्थोडॉक्स संघाचे सभासद असलेले रिचर्ड आणि हॅना वेब त्यांना घरी बोलावतात, मानानं ठेवतात, आणि नंतर वर्षानुवर्षं लिहीत राहतात. तुम्ही ‘जिव्हाळा’ म्हणालात, त्याचा पाया हा आहे. ही मैत्री सुरू झाली तीच संघाच्या कुंपणावरून उडी मारून. त्यामुळे पुढे वेब कुंपणाबाहेर गेले तेव्हा दोघांच्यात नवं काही तुटायचं नव्हतंच.

मॉटबाई का राहिल्या? माझ्या वाचनात जे येतं ते असं. हिक्साइट झाल्यावर सुटका झाली असं नव्हतं. हिक्साइटांतही चळवळीवर राग असणारे पुष्कळ होते. न्यूयॉर्कचा जॉर्ज व्हाइट नावाचा उपदेशक तर सभेत उभा राहून गुलामगिरीविरोधी व्याख्यात्यांवर तुटून पडायचा. त्यातूनच १८४१-४२ मध्ये न्यूयॉर्कच्या मासिक सभेनं (म्हणजे तिथल्या स्थानिक संघानं) आयझॅक हॉपर, जेम्स गिबन्स आणि चार्ल्स मॅरियट या तिघांना संघाबाहेर काढलं. दोष काय, तर ‘नॅशनल अँटी-स्लेव्हरी स्टँडर्ड’ या पत्राशी संबंध. हॉपर म्हणजे पळून आलेल्या गुलामांना वाचवण्यात ज्यानं उभी हयात घातली तो माणूस! त्याची मुलगी ॲबी, गिबन्सची बायको, तिनं १८४२ मध्ये भर सभेत उभं राहून स्वतःचा राजीनामा वाचून दाखवला. या काळातली मॉटबाईंची वेब दांपत्याला लिहिलेली पत्रं जरूर वाचा. आपल्याच माणसांनी आपल्या माणसांना बाहेर काढल्याची सगळी तळमळ त्यात आहे.

बाईंनाही काढायचे प्रयत्न झाले. त्या सापडल्या नाहीत, कारण संघाचा एकही नियम त्यांनी मोडला नाही. साधा पोशाख, टोपी, सभेला हजेरी, प्रवासाला निघताना आपल्या सभेचं संमतिपत्र, सगळं काटेकोर. बोलायचं ते बोलत राहायचं आणि काढायला निमित्त मात्र द्यायचं नाही. १८४७ मध्ये इंडियानातल्या रिचमंडला वार्षिक सभेसाठी गेल्या असताना त्या आजारी पडल्या. डॉक्टर क्वेकरच होता. तुमच्या बंडखोर वृत्तीनं मला इतकं दुःख झालंय की मला औषध देववत नाही, असं सांगून तो निघून गेला. दुखण्यानं तळमळणाऱ्या चोपन्न वर्षांच्या बाईला! तरी त्या पुढच्या सभेला हजर.

हे सगळं त्या वेब यांना मोकळेपणानं लिहू शकत होत्या. फिलाडेल्फियात कोणाला सांगणार? तिथं प्रत्येक शब्दाला पाय फुटले असते.

---

उत्तर_ध्रुव:

वरची माहिती चांगली आहे, पण मला एका गोष्टीवर बोलायचंय. ‘नियम पाळत राहिल्या’ याचं कौतुक करताना आपण संघ सोडणाऱ्यांवर नकळत अन्याय करतो. वेबनं सोडलं म्हणजे तो दमला किंवा चिडला, आणि मॉटबाई टिकल्या, असं चित्र उभं राहतं. मला ते पटत नाही.

वेब काय होता ते बघा. तो, जेम्स हॉटन आणि रिचर्ड ॲलन या तिघांनी १८३७ मध्ये हायबर्नियन अँटी-स्लेव्हरी सोसायटी उभी केली. गुलामगिरी, दारू, युद्ध, फाशी, जे जे चुकीचं दिसेल त्याच्या विरोधात उभे राहतात म्हणून डब्लिनच्या लोकांनी त्यांचं नावच ‘सर्वविरोधी’ पाडलं होतं. १८४५ मध्ये फ्रेडरिक डग्लस, गुलामगिरीतून निसटून चळवळीचा वक्ता झालेला, आयर्लंडला आला तेव्हा वेबच्या घरी उतरला आणि त्याच्या आत्मचरित्राची डब्लिन आवृत्ती वेबनं छापली. दोघांचं फार जमलं नाही, खटके उडाले, पण पुस्तक छापून लोकांपर्यंत पोचलं. मग दुष्काळ आला. क्वेकरांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये मदत समिती स्थापन केली. तिच्यासाठी वेब पश्चिमेकडे मेयोतल्या एरिस भागात फिरला आणि तिथं उपासमारीनं काय चाललंय, मदत कुठं पोचते आणि कुठं मध्येच गळते, याचे अहवाल त्यानं पाठवले. एवढं काम ज्या संघाच्या नावानं केलं तो संघ त्यानं १८५१ मध्ये सोडला. सोडल्यावर काय केलं? १८५२ पासून ‘अँटी-स्लेव्हरी ॲडव्होकेट’ हे मासिक दहा वर्षांहून जास्त चालवलं. १८६१ मध्ये गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलून फाशी गेलेल्या अमेरिकेतल्या जॉन ब्राउनचं चरित्र आणि पत्रं छापली. या माणसाला पळपुटा कोण म्हणेल? ज्या सभेत मनातलं बोलता येत नाही तिथं दर आठवड्याला जाऊन गप्प बसणं त्याला खोटं वाटलं असेल, तर तो त्याचा प्रामाणिकपणा.

शाईचा_डाग, तुमच्या मैत्रिणीच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिलं. राग मानू नका.

---

शाईचा_डाग:

राग कसला, बरं वाटलं. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी उठून दोन फेऱ्या मारून आले. तिनं बाहेर पडल्यावर जे काम सुरू केलं त्याबद्दल मी तिला कधी धड विचारलेलंच नाही. विचारलं तर आपण राहिलो याचा हिशेब द्यावा लागेल असं वाटत असावं.

पण मग अजून एक सांगा. १८५१ नंतर ल्युक्रेशियानं त्याला परत ये म्हटलं नाही, आणि त्यानं तिला तू पण निघ म्हटलं नाही, हे दोघांच्या स्वभावामुळे? की मध्ये तिसरा काही मार्ग होता?

---

आडवी_उभी_ओळ:

उत्तर_ध्रुव यांचं म्हणणं मला मान्य आहे. वेब यांच्या जाण्याला मी दमणं म्हणणार नाही.

तिसरा मार्ग होता, आणि तो मॉटबाईंच्या अगदी दारात होता. १८४८ पासून ठिकठिकाणी हिक्साइटांतून फुटून नवे गट निघाले. वरिष्ठांची सत्ता नको, उपदेशकांची वेगळी बैठक नको, सुधारणेच्या कामाला मोकळीक हवी, असं त्यांचं म्हणणं. न्यूयॉर्क राज्यात वॉटरलूला एक गट निघाला. १८५३ मध्ये पेनसिल्व्हेनियात लाँगवुडला ‘प्रोग्रेसिव्ह फ्रेंड्स’ची वार्षिक सभा सुरू झाली. बाईंचे कितीतरी जिवलग तिकडे गेले. १८४८च्या जुलैत वॉटरलूला जेन हंट यांच्या घरी चहाच्या टेबलाशी बसून ज्या पाच जणींनी सेनेका फॉल्सच्या महिला परिषदेची हाक दिली, त्यात मेरी ॲन मॅक्लिंटॉक होत्या. त्या मॅक्लिंटॉक कुटुंबाचं नाव वॉटरलूच्या गटात पुढे आहे. त्याच टेबलाशी बाईंची धाकटी बहीण मार्था राइट होती. तिला तर क्वेकरेतर माणसाशी लग्न केलं म्हणून १८२४ मध्येच संघानं काढून टाकलं होतं. म्हणजे संघात असलेली, संघातून काढलेली आणि संघ सोडायच्या बेतात असलेली, अशा सगळ्या जणी एका टेबलाशी. सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर ६८ बायकांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या, ते याच बैठकीचं फळ.

मॉटबाई लाँगवुडला जात, बोलत, त्यांच्याबद्दल आपुलकीनं लिहीत. सभासदत्व मात्र त्यांनी हलवलं नाही. १८६७ मध्ये बॉस्टनला फ्री रिलिजस असोसिएशन निघाली, तिच्याही पहिल्या सभेत त्या बोलल्या. घर जुनंच ठेवलं आणि दारं सगळीकडे उघडी ठेवली. मला वाटतं, वेब यांना परत ये म्हणण्याचं कारण त्यांना कधी पडलंच नाही ते यामुळे. खरा धर्म माणूस काय करतो यात दिसतो, कुठल्या यादीत नाव आहे यात नाही, हे त्या आयुष्यभर सांगत होत्या. जी बाई हे सांगते ती मित्राला यादीत नाव परत घाल म्हणून कसं सांगेल?

आणि मतभेद नव्हते असंही नाही. युद्धाचा प्रश्न घ्या. दोघंही शांततावादी. तरी जॉन ब्राउन शस्त्र घेऊन उठला तेव्हा वेब यांनी त्याचं चरित्र छापलं. इकडे १८५९ मध्ये ब्राउनच्या फाशीच्या सुमारास त्याची बायको मॉट यांच्या फिलाडेल्फियाबाहेरच्या ‘रोडसाइड’ या घरी राहिली होती. बाईंनी ब्राउनच्या धैर्याला मान दिला, तलवारीला दिला नाही. यादवी युद्धात १८६३ मध्ये काळ्या सैनिकांच्या प्रशिक्षणाची छावणी त्यांच्या घराला लागूनच उभी राहिली, त्यांच्या जावयाच्या जमिनीवर. अहिंसा मानणाऱ्या बाईच्या खिडकीतून कवायत दिसायची. असल्या पेचावर ज्याच्याशी संघाच्या शिस्तीची भीती न बाळगता बोलता येतं, असा मित्र समुद्रापलीकडे का असेना, असावा लागतो.

---

टाकदौत:

छान चाललंय, पण तुम्ही सगळे हॅनाला विसरताय! पत्रं ‘रिचर्ड आणि हॅना’ दोघांना आहेत. हॅना वेब, माहेरची वेअरिंग, वॉटरफर्डची. बॉस्टनला दर वर्षी मारिया वेस्टन चॅपमन गुलामगिरीविरोधी बाजार भरवायची. त्यासाठी आयर्लंडच्या बायका वर्षभर शिवणकाम, विणकाम करून पेट्या भरून पाठवायच्या. त्या कामात हॅना होती. चळवळीचं वर्तमानपत्र चालायला, व्याख्यात्यांचा प्रवासखर्च भागवायला त्या बाजाराचे पैसे लागत. पुरुष ठराव मांडायचे आणि ठरावाचा खर्च बायकांच्या सुईवर निघायचा. ल्युक्रेशिया स्वतः चिंध्यांचे गालिचे विणणारी, तिला हे वेगळं सांगायला लागत नव्हतं. म्हणून तिच्या पत्रांत घरगुती गोष्टी येतात तेव्हा त्या मुख्य मजकुराच्या मधलं भरताड समजू नका. हॅना १८६२ मध्ये गेली. १८६८च्या जानेवारीत जेम्स मॉट गेला. चौघांतले दोघं उरले, आणि उरलेल्यांनी लिहिणं चालू ठेवलं.

अजून एक, जे कळल्यावर मी खुर्चीतून उठले होते. वेब दांपत्याचा थोरला मुलगा आल्फ्रेड, १८३४चा. लहानपणी घरी डग्लस, गॅरिसन यांना पाहिलेला, बापाचा छापखाना पुढे चालवलेला. त्यानंही नंतर क्वेकर संघ सोडला. आयर्लंडच्या स्वराज्याच्या चळवळीत पडला, पार्लमेंटात निवडून गेला, दादाभाई नौरोजींशी त्याची मैत्री झाली. आणि १८९४ साली मद्रासला भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याचा अध्यक्ष हा आल्फ्रेड वेब! शाळेत काँग्रेसच्या अध्यक्षांची यादी पाठ करताना हे नाव आपण घोकलेलं असतं. तो मूळचा कोणत्या घरातला, ते कोणी सांगितलेलं नसतं.

---

उत्तर_ध्रुव:

आल्फ्रेडचं मला माहीत नव्हतं. म्हणजे बापानं संघ सोडला, मुलानं सोडला, आणि तरी ज्याला ‘क्वेकर वळण’ म्हणतात ते मद्रासपर्यंत आलं. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

शाईचा_डाग:

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकदौत, आल्फ्रेडचा धागा तुम्हीच काढा, हक्कानं सांगतेय.

मला एक उमगलं ते लिहिते. मी ही पत्रं वाचताना सारखी शोधत होते की त्यांनी तो अवघड विषय टाळला कसा. त्यांनी टाळलाच नाही. उलट बहुतेक पत्रांत संघाचाच विषय आहे. कोणाला काढलं, कोण काय बोललं, कोणत्या सभेत कोणता ठराव अडकला, कोण कोणाशी वाकडं वागलं. ती आतून लिहिते, तो बाहेरून वाचतो, आणि त्याला सगळं माहीत असल्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागत नाही. आतलं सगळं ठाऊक असलेला पण आता आत नसलेला माणूस. असा श्रोता तिला आणखी कुठं मिळाला असता? आणि माझ्याकडे तसा श्रोता गेली काही वर्षं फोनच्या पलीकडे बसलेला आहे, मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतेय.

मैत्रिणीला आज सविस्तर मेल लिहिलाय. गेल्या महिन्यातल्या बैठकीत काय झालं ते सगळं, नावानिशी. शेवटी तिच्या नव्या कामाबद्दल विचारलंय. या धाग्याचा दुवाही दिलाय, तेव्हा ती इथं येऊन काही लिहील तर तिला सांभाळून घ्या, ती फटकळ आहे.

आडवी_उभी_ओळ, १८४२च्या पत्रांपासून सुरुवात करू ना?

---

आडवी_उभी_ओळ:

हो, १८४२च. हॉपर यांना काढल्यानंतरची पत्रं आधी घ्या, मग मागं १८४०-४१ला जा. सुरुवातीच्या पत्रांत ओळखीचा संकोच आहे, मधल्या पत्रांत तो गेलेला दिसतो. उलट क्रमानं वाचलं की फरक लगेच कळतो. एखादी ओळ अडली तर त्या पानाचं चित्र इथं टाका, मिळून लावू.